ऑफिसात कुणाचं तरी काहीतरी चुकीचं चाललंय आणि ते तुम्हाला दिसलंय, आता काय करायचं?

सकाळचे अकरा वाजले होते आणि रजिस्टरमधे दुपारी चारचं रीडिंग भरून तयार होतं. मी तेव्हा औषधांच्या कोल्ड स्टोअरमधे कामाला होते, तिथे दर चार तासांनी तापमान बघून लिहायचं असायचं, आणि मी आपली सहज स्टॉक मोजायला आत गेले तर पान उघडंच पडलेलं. आठ, बारा, चार, आठ, चारही रकान्यांत एकाच पेनाने ४.२, ४.१, ४.२, ४.२. अहो बारा पण अजून वाजायचे होते! आणि खाली सही कुणाची, तर रोज माझ्याशेजारी जेवायला बसणाऱ्या माणसाची.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बऱ्याचशा लशी आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्री सेल्सियसमधे ठेवावं लागतं आणि काही लशी एकदा का गोठल्या की कायमच्या बाद होतात, परत नॉर्मल तापमानाला आणल्या तरी उपयोग नसतो, आणि बाटलीकडे नुसतं बघून ते ओळखू येईलच असं नाही. म्हणून तर रजिस्टर. कागद खोटा असेल तर आतला माल चांगला आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही, पण सगळ्यांना वाटतंय की माहीत आहे.

मी काय केलं? पान होतं तसं ठेवलं, स्टॉक मोजला, बाहेर आले आणि तीन आठवडे गप्प बसले. खाली जे लिहितेय ते त्या तीन आठवड्यांत कसं वागायला हवं होतं आणि पुढे दोनतीनदा असेच प्रसंग आले तेव्हा काय कामाला आलं, त्यावरून लिहितेय. मी वकील नाही. तुमचं प्रकरण मोठं असेल, पोलीस वगैरे येऊ शकतील अशा टाइपचं, तर आधी वकिलाशी बोला, मग हे वाचा.

सगळ्यात आधी गप्प का बसतो ते बघू, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं फुकट आहे. मला वाटायचं मी मैत्री जपतेय. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की अजून कुणीतरी बघितलंच असेल की, सुपरवायझर रोज सही करतो, ऑडिटवाले येतात, मग मीच का? १९६८ मधे जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, माणसांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतून धूर सोडायला सुरुवात केली. माणूस एकटा असला की चारातल्या तिघांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण शेजारी दोन माणसं मुद्दाम ढिम्म बसवून ठेवली तर सांगणारे उरले १० टक्के. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले! मी हे वाचलं तेव्हा आमचं कोल्ड स्टोअरच डोळ्यांसमोर आलं. त्या पानावर माझ्या आधी निदान चार जणांची नजर गेली असणार आणि चौघांनी बाकीच्या तिघांकडे बघून फॉर्म भरणं चालू ठेवलं असणार. तेव्हा "इतरांना माहीत असेलच" हे वाक्य डोक्यात आलं की समजायचं आपण धुराच्या खोलीत बसलोय.

दुसरं कारण म्हणजे चुगली हा शब्द. शाळेपासून आपल्याला चुगलखोर म्हणवून घ्यायची भीती असते आणि ती पस्तिशीत पण जात नाही. तर माझा हिशोब असा आहे. चुगली अशा माणसाकडे केली जाते ज्याला त्या गोष्टीत काही करायचा अधिकार नसतो पण ऐकायला मजा येते, किंवा जो खूश झाला की आपला फायदा असतो. आणि चुगलीत तपासण्यासारखं काही नसतं, "तो तसाच आहे" एवढंच असतं. तक्रार जिथे जायला हवी तिथेच जाते, त्यात तारीख असते, वेळ असते, दुसरा माणूस जाऊन खरंखोटं करू शकेल असं काहीतरी असतं. गंमत म्हणजे मी त्या तीन आठवड्यांत सुपरवायझरला काही बोलले नाही पण घरी आणि दोन मैत्रिणींना सगळं सांगून झालं होतं. म्हणजे तक्रार न करता चुगली करून मोकळी झाले होते.

आता मुद्द्याचं, म्हणजे हे तक्रार करण्यासारखं आहे का ते कसं ठरवायचं. सगळंच सांगत सुटलात तर तुमच्याकडे कुणी बघणार पण नाही आणि ते बरोबरच आहे. कुणी उशिरा येतं, कुणी फोनवर बोलत बसतं, कुणाचं कुणाशी काय चाललंय, कुणी सतत कुरकुर करतं, हे त्रासदायक आहे पण त्याच्यासाठी मॅनेजर आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या कामाच्या आड येत नसेल तर तुमचं काहीच नाही त्यात. मी स्वतःला विचारते ते असं: मी गप्प राहिले तर भुर्दंड कोण भरणार? जो भरणार त्याला हे चाललंय हे माहीत तरी आहे का? झालेलं नुकसान नंतर भरून काढता येईल का? आणि हे एकदाच झालं की सवय आहे? पेशंट, ग्राहक, नवीन लागलेली ज्युनिअर मुलगी, असं कुणीतरी ज्याला काहीच माहीत नाही आणि जो स्वतःला वाचवू शकत नाही, तो भुर्दंड भरणार असेल तर माझ्यासाठी विषय संपतो, सांगायचं. फक्त कंपनीचे चार कागद वाया जाणार असतील तर मी माझी झोप घालवत नाही. मधलं जे सगळं आहे, म्हणजे खर्चाची बिलं थोडी फुगवणं, ओव्हरटाइमचा अर्धा तास जास्त लावणं, तिथे लोकांची मतं वेगवेगळी असणार, माझं मत असं की त्याला एकदा तोंडावर सांगा, थांबलं तर ठीक, नाही थांबलं तर वर जा.

तोंडावर सांगण्याचं जरा नीट बोलायला हवं कारण इथे बहुतेक सल्ले अर्धवट असतात. "आधी त्या व्यक्तीशी बोला" हे ऐकायला फार छान वाटतं, पण काही वेळा ते चक्क चुकीचं आहे. मारहाण, धमकी, लैंगिक छळ, नशेत गाडी किंवा मशीन चालवणं, ज्यात आज संध्याकाळपर्यंत कुणाला इजा होऊ शकते असं काहीही, तिथे आधी बोलत बसायचं नाही. तसंच पैशाची मोठी अफरातफर असेल तर तुम्ही बोलून आलात की तासाभरात फाइली गायब होतील, आणि नंतर तुमच्यावरच येईल की तुम्ही सावध केलंत. आणि तो माणूस तुमचा बॉस असेल, तुमचं रेटिंग त्याच्या हातात असेल तर एकट्याने त्याच्या केबिनमधे जाऊन शहाणपणा करू नका.

छळाचं प्रकरण असेल तर अजून एक. तुम्ही फक्त साक्षीदार असाल तर आधी जिच्यावर किंवा ज्याच्यावर झालंय त्या व्यक्तीकडे जा. "मी बघितलं. तुला काय हवंय? मी बरोबर येऊ का?" एवढं विचारा. तिला न विचारता तिची गोष्ट घेऊन एचआरकडे धावलात तर तिच्या हातात उरलेलं थोडंसं पण तुम्ही काढून घेता. मात्र मुदत तिला सांगून ठेवा, भारतात २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात बाईला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, तसंच सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती अजून तीन महिन्यांपर्यंत वाढवून देऊ शकते, आणि हे बऱ्याच जणींना मुदत उलटल्यावर कळतं. इतर देशांत वेगळ्या मुदती, पण मुदत बहुतेक ठिकाणी असतेच.

बाकी जिथे बोलता येण्यासारखं आहे तिथे बोला, आणि कमी बोला. मी शेवटी काय म्हणाले ते सांगते, "अरे, मागे एकदा अकराला आत गेले होते, चारचं रीडिंग भरलेलं दिसलं. काय झालं?" एवढंच. आणि मग गप्प. हे गप्प राहणं फार अवघड आहे, आपल्याला लगेच सारवासारव करावीशी वाटते, "नाही म्हणजे मी असंच विचारलं" वगैरे. नका करू. त्याला बोलू दे.

त्याने काय सांगितलं माहितीये? थर्मामीटर बंद होता. दीड महिना बंद होता. त्याने दोनदा नवीन मागितला, मेल केला, सुपरवायझर म्हणाला बजेट नाही, पुढच्या क्वार्टरला बघू, तोपर्यंत रजिस्टर रिकामं दिसायला नको, मागचे आकडे बघून भरत जा. आणि हा भरत गेला. रोज चार वेळा खोटं लिहायचं जिवावर यायचं म्हणून सकाळीच एकदम भरून टाकायचा.

माझ्या डोक्यात तीन आठवडे काय होतं, तर हा कामचुकार आहे, ह्याला वरखाली करायचा कंटाळा आहे. मी जर पहिल्याच दिवशी रागारागात लिहून दिलं असतं तर "अमुक अमुक कामात कुचराई करतो" असं लिहिलं असतं, आणि सुपरवायझरला ते इतकं सोयीचं पडलं असतं की विचारू नका, ह्याला काढला असता आणि थर्मामीटर तसाच बंद राहिला असता. त्याचं चुकलं होतं का? हो, चुकलंच होतं, वरून सांगितलं म्हणून खोटी सही करायची नसते आणि ती सही त्याची होती. पण मला जे दिसलं होतं ते आणि मी त्यावरून जे ठरवलं होतं ते, ह्यात केवढं अंतर होतं बघा.

तेव्हापासून मी एक करते. कागदाचे तीन भाग पाडते, पाहिलं, ऐकलं, वाटलं. "अकरा वाजता चारचं रीडिंग भरलेलं होतं" हे पाहिलं. "सुपरवायझरने भरायला सांगितलं असं तो म्हणाला" हे ऐकलं, ते पण कुणाकडून ऐकलं त्याच्या नावासकट. "त्याला कामाचा कंटाळा आहे" हे वाटलं. तक्रारीत पहिले दोन जातात, आणि दुसऱ्यात "असं मला अमुककडून कळलं" हे स्पष्ट लिहून जातं. तिसरा भाग घरी राहतो. करून बघा, कुठल्याही भांडणाचं करून बघा, आपल्याला खात्रीने माहीत असलेल्या गोष्टींपैकी निम्म्याअधिक तिसऱ्या भागात जाऊन पडतात आणि जरा लाजच वाटते.

स्वतःकडे पण बघायला लागतं. त्याच्याशी तुमचं वाजलंय का? एकाच प्रमोशनसाठी दोघं उभे आहात का? त्याने मागे तुमचं क्रेडिट खाल्लंय का? असेल तर घाबरू नका, राग आहे म्हणून बघितलेली गोष्ट खोटी होत नाही. पण ते तुम्ही स्वतःच आधी सांगा. "आमच्यात मागच्या वर्षी वाद झाला होता, तो माहीत असावा म्हणून सांगतेय, तरी कागद तुम्ही स्वतंत्रपणे तपासा." हे एक वाक्य घातलं की नंतर समोरचा ते बाहेर काढून तुम्हाला खोटं पाडू शकत नाही. आणि एक उलटा प्रश्न विचारायचा, हेच माझ्या जिवलग मैत्रिणीने केलं असतं तर मी काय केलं असतं? उत्तर वेगळं येत असेल तर थांबा, एक दिवस जाऊ द्या. (मला वेगळं आलं होतं. मी तिला आधी विचारलं असतं. म्हणून मग त्याला पण विचारलं.)

एक गोष्ट मात्र चुकूनसुद्धा करायची नाही, ती म्हणजे सौदा. "मी कुणाला सांगणार नाही, पण मग माझी रविवारची ड्यूटी तू घे." हसत हसत म्हटलं तरी. त्या क्षणी तुम्ही साक्षीदार राहत नाही, भागीदार होता, आणि काही ठिकाणी त्याला सरळ खंडणी म्हणतील.

आता पुरावा. इथे लोकांच्या अंगात डिटेक्टिव्ह संचारतो आणि मग तेच अडकतात. तुमचं काम एवढंच की तुमच्या रोजच्या कामात तुम्हाला जे कायदेशीरपणे दिसलं ते नीट टिपून ठेवायचं. त्याच दिवशी लिहा, तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, काय शब्द वापरले. आठवड्याने लिहिलेलं आणि त्याच संध्याकाळी लिहिलेलं ह्यात फरक पडतो, आपली आठवण दर वेळी थोडी थोडी आपल्या बाजूने सरकत जाते. मी तर वहीत लिहिते, साधी वही, घरी.

दुसऱ्याचा मेल उघडायचा नाही, पासवर्ड माहीत असला तरी. ड्रॉवर उघडायचा नाही. पेशंटची नावं, ग्राहकांचे नंबर, पगाराच्या शीट्स स्वतःच्या जीमेलवर पाठवायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी, कारण मग त्यांचं प्रकरण बाजूला राहतं आणि तुमच्यावर डेटा बाहेर नेल्याची केस होते. रजिस्टर कुठे आहे, पान कुठलं, फाइल कुठल्या फोल्डरमधे आहे एवढं लिहून ठेवलं तरी तपासणारा तिथे पोचतो. चोरून रेकॉर्डिंग हा असाच नाजूक प्रकार, काही देशांत समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणंच गुन्हा आहे, तर तुमच्याकडचा नियम माहीत नसेल तर बटण दाबू नका.

तुमचा स्वतःचा त्यात हात असेल तर? म्हणजे तुम्ही पण एकदा डोळे झाकून सही केली होती, किंवा मोजायला गेला होतात आणि न मोजता आकडा टाकला होतात. तर ते पहिल्या परिच्छेदातच लिहा. मी लिहिलं, "मला हे अमुक तारखेला दिसलं आणि मी तीन आठवडे सांगितलं नाही." फार जड गेलं लिहायला. पण चौकशीत पहिलाच प्रश्न तोच असतो आणि उत्तर आधीच कागदावर असलं की पुढचं सोपं जातं.

लिहायचं कसं ते उदाहरणानेच दाखवते. माझा पहिला मसुदा, जो मी सुदैवाने पाठवला नाही, तो असा होता: "गेले कित्येक दिवस कोल्ड स्टोअरमधे अत्यंत बेजबाबदार प्रकार चालू असून लोकांच्या जिवाशी खेळ सुरू आहे, संबंधितांवर कडक कारवाई व्हावी." वाचायला जोरदार, पण वाचणाऱ्याने करायचं काय? कुठलं पान उघडायचं? मग मी जो पाठवला तो असा: "अमुक तारखेला सकाळी अकराच्या सुमारास कोल्ड स्टोअरच्या तापमान रजिस्टरमधे त्या दिवशीची बारा, चार आणि रात्री आठची रीडिंग आधीच भरलेली मला दिसली आणि मी तीन आठवडे सांगितलं नाही. सही असलेल्या सहकाऱ्याशी मी बोलले, थर्मामीटर साधारण दीड महिना बंद असून नवीन मिळाला नाही आणि रजिस्टर भरत राहायला सांगितलं गेलं असं त्याने सांगितलं. त्याने मागणीचे मेल केले होते असं तो म्हणतो, ते मी पाहिलेले नाहीत. या काळातला स्टॉक तपासावा आणि थर्मामीटर लगेच बदलावा ही विनंती." संपलं. विशेषण एकही नाही. शिक्षा काय द्यायची ते पण मी सांगितलं नाही, ते माझं कामच नाही. पण आत्ता लगेच काय थांबवायला हवं ते मात्र सांगितलं, कारण चौकशी चालत राहते सहा महिने आणि फ्रीज तर आजच चालू आहे.

कुणाला द्यायचं? साधारणपणे लगेच वरच्याला, पण वरचाच त्यात असेल तर त्याच्या वर किंवा बाजूने. आमच्याकडे सुपरवायझरच गुंतलेला म्हणून मी क्वालिटीच्या हेडला दिलं. मोठ्या कंपन्यांत कम्प्लायन्स (नियम पाळले जातायत का ते बघणारे लोक), इंटर्नल ऑडिट, एथिक्स हेल्पलाइन असं काहीतरी असतं, भारतात लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशी यंत्रणा ठेवावीच लागते, व्हिजिल मेकॅनिझम म्हणतात तिला, तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर कुठेतरी तळाशी त्याची पॉलिसी पडलेली असते, ती आधी वाचा. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या नियमात तर ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना अशी सोय करावी लागते, आणि तक्रार मिळाल्याची पोच सात दिवसांत, काय केलं ते पोच दिल्यापासून तीन महिन्यांत कळवावं लागतं. तुमच्या देशात असा नियम नसला तरी हे आकडे डोक्यात ठेवायला बरे, आठवडाभरात पोच पण नाही आली तर विचारायला जायचं, त्यात लाजायचं काही नाही.

एचआरबद्दल एक कडू गोष्ट. ते लोक वाईट नसतात पण ते कंपनीचे असतात, तुमचे वकील नसतात. चांगल्या ठिकाणी कंपनीचं हित आणि खरं बाहेर येणं हे एकाच दिशेला असतं. वाईट ठिकाणी नसतं. त्यामुळे बोलून आलात की त्याच दिवशी एक छोटा मेल टाका, "आज आपण बोललो त्याप्रमाणे मी हे हे सांगितलं, आपण हे हे म्हणालात." बास. तोंडी सांगितलेली तक्रार वर्षभराने कुणालाच आठवत नाही.

आणि "जरा थांबा" असं उत्तर आलं तर? वर्ल्डकॉम या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत २००२ मधे सिंथिया कूपर इंटर्नल ऑडिटची प्रमुख होती, रोजचे खर्च मालमत्ता म्हणून दाखवलेत, म्हणजे नफा फुगवलाय, हे तिच्या टीमच्या लक्षात येऊ लागलं, तर कंपनीच्या सीएफओने, म्हणजे पैशाचे व्यवहार बघणाऱ्या प्रमुखाने, तिला सांगितलं की हे ऑडिट पुढच्या क्वार्टरपर्यंत लांबव. ती थांबली नाही, बोर्डाच्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे गेली. जूनमधे कंपनीने ३.८ अब्ज डॉलरचा घोळ कबूल केला आणि पुढे आकडा अजून वाढला. आपण काही एवढ्या उंचीवर नसतो, पण "थांबा" ऐकल्यावर करायचं तेच असतं, कारण विचारायचं, तारीख विचारायची, आणि ती तारीख उलटली की एक पायरी वर. बाहेर म्हणजे सरकारी नियामक, पोलीस वगैरे जायचं ते बहुतेक वेळा आतले दरवाजे ठोठावून झाल्यावर, आणि लगेच कुणाच्या जिवाला धोका असेल तर अर्थातच आधी. सोशल मीडियावर मात्र टाकू नका. तिथे गेलं की माणूस आधी दोषी ठरतो आणि चौकशी नंतर होते, तुमचं चुकलं असेल तर ते परत घेता येत नाही, आणि बऱ्याच देशांत कायद्याचं संरक्षण ठरलेल्या मार्गाने गेलेल्यालाच मिळतं.

निनावी द्यावं का, हे सगळेच विचारतात. मला ते भ्याडपणाचं वाटत नाही. हिशोबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकन कंपनीतल्या शेरॉन वॉटकिन्सने २००१ च्या ऑगस्टमधे अध्यक्षाला पहिलं पत्र बिननावीच दिलं होतं, मग काही दिवसांनी स्वतः समोर जाऊन बोलली. पण निनावीचा तोटा असा की तपासणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि प्रकरण तिथेच मरतं, त्यामुळे ज्या हेल्पलाइनवर निनावी राहून पण उत्तरं देता येतात ती बरी. शिवाय चार माणसांच्या टीममधे निनावी वगैरे काही नसतं, मजकुरावरूनच कळतं कोण ते. आणि नाव देऊन "गुप्त ठेवा" म्हणणं म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकावर विश्वास टाकणं. सत्येंद्र दुबे हा महामार्ग प्रकल्पावरचा इंजिनिअर, त्याने २००२ मधे तिथल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि ते पत्र नावासकट ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मधे त्याचा खून झाला. कोर्टात तो लुटीच्या प्रयत्नातला खून म्हणून सिद्ध झाला, पण पत्र फिरलं ते फिरलंच. म्हणून नाव देण्याआधी तोंडावर विचारा, हे नक्की कोण कोण वाचणार? नावं सांगा. सांगता आली नाहीत तर आधी फक्त घटना द्या.

दिल्यानंतरचे दिवस सगळ्यात विचित्र असतात, ह्याची कुणी कल्पना देत नाही. काहीच होत नाही. तुम्ही रोज कामावर जाता, तो रोज शेजारी बसतो. त्या काळात ग्रुपवर एक शब्द नाही, "काय झालं गं त्याचं" असं कुणी विचारलं तर "मला नाही बोलता येणार" एवढंच. तो अजून दोषी ठरलेला नाही आणि त्याला पण त्याची बाजू मांडायचा हक्क आहे, त्याचं नाव आपल्या तोंडून कॅन्टीनमधे फिरलं तर आपण इतका वेळ जपून केलेल्या कामावर स्वतःच बोळा फिरवला. निकाल काय लागला ते तुम्हाला कदाचित कळवणारही नाहीत, त्याच्या खाजगीपणाचा प्रश्न असतो. राग येतो, पण ते रास्त आहे.

तुमच्यावर सूड उगवला जातोय का ते बघत राहा. तो क्वचितच उघड असतो. शिफ्ट बदलते, मीटिंगचं निमंत्रण येत नाही, अचानक कामात चुका निघायला लागतात. ते पण त्याच वहीत, तारखेसकट. आणि चौकशीत तुमचं म्हणणं चुकीचं निघालं तर? खरं समजून सांगितलं आणि चुकलं, हा गुन्हा नाही, माहीत असून खोटं सांगणं हा गुन्हा आहे. चुकलं असेल तर ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला जाऊन तसं म्हणायचं, एवढी हिंमत मात्र ठेवावी लागते. एकदा माझं चुकलं होतं, बिलं दोनदा लावलीत असं मला वाटलं होतं आणि ती दोन वेगळ्या ट्रिपची निघाली, मी जाऊन सॉरी म्हटलं, ती बाई अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिचा हक्क आहे तो.

आमच्या फ्रीजचं काय झालं ते राहिलंच. थर्मामीटर दुसऱ्या दिवशी आला, म्हणजे बजेट होतं. दीड महिन्यातला स्टॉक बाजूला काढून तपासला, त्यातला काही फेकला. सुपरवायझरची बदली झाली, ह्याला लेखी समज मिळाली आणि तो सहा महिने माझ्याशेजारी जेवायला बसला नाही. एकदा लिफ्टमधे भेटला तेव्हा म्हणाला, "तू मला आधी विचारलंस म्हणून ठीक आहे." ठीक आहे म्हणजे नक्की काय ते मी विचारलं नाही. मागच्या महिन्यात आत गेले होते, रजिस्टर उघडंच होतं, त्याची सही होती आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं, चार वाजून तीन मिनिटं. वरच्या ओळीत बारा वाजून एक. त्याच्या पानावर आता सरळ बारा किंवा सरळ चार कुठेच सापडत नाही.